‘जस्ट’ म्हणजे नुसतं ‘फक्त’ नव्हे

‘द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट’ या वाक्याचं ‘गाडी फक्त सुटली आहे’ असं भाषांतर मी वाचलेलं आहे. खरं सांगायचं तर ते मीच केलं होतं. भाषांतराच्या कामाला लागून थोडेच दिवस झाले होते, ‘जस्ट’ म्हणजे ‘फक्त’ हे समीकरण शाळेपासून डोक्यात बसलेलं होतं आणि मुदत डोक्यावर होती. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘गाडी आणखी काय करणार होती?’

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबतो. इंग्रजीत तो इतक्या वेळा येतो की लक्षातही येत नाही, आणि मराठीत त्याला जोडीचा असा एक शब्द नाही. त्याचं काम आपल्याकडे नुकताच, आत्ताच, फक्त, नुसता, अगदी, नेमका, जेमतेम, जरा, तर अशा बऱ्याच जणांनी वाटून घेतलं आहे. सगळ्यात जास्त काम करतो तो ‘च’, आणि त्याला तर आपण शब्दही म्हणत नाही. म्हणून ‘जस्टचा अर्थ काय?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. ‘या वाक्यात जस्ट काय काम करतोय?’ असं विचारावं. ते कसं ओळखायचं, हे मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने सांगतो. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने म्हणून पाहिलीत तर अर्थ लवकर उघडेल.

आधी उच्चार

यातला ‘ज’ हा ‘जन’ किंवा ‘जीव’ मधला आहे, ‘जसा’ मधला नव्हे. गंमत म्हणजे या शब्दाच्या मदतीला मराठीत वरचेवर धावून येणारा ‘जरा’ मात्र दुसऱ्या ‘ज’चा आहे. भरभर बोलताना ‘जस्ट’मधला स्वर दबतो आणि पुढे व्यंजन आलं की ‘ट’ गळतो: ‘जस वेट’, ‘जस लुक’. पुढे स्वर असला तर ‘ट’ त्याला जाऊन चिकटतो आणि ‘जस्ट अ मिनिट’चं ‘जस्टमिनिट’ होतं. इंग्रजी ऐकताना हा शब्द निसटतो तो यामुळेच. वाक्यात तो आलेला असतो, कानाला सापडत नाही.

पायरी पहिली: पुढे नाम आहे का, आणि ‘अ’ कुठे आहे?

‘अ जस्ट डिसिजन’ म्हणजे न्याय्य निर्णय. ‘जस्ट अ डिसिजन’ म्हणजे नुसता एक निर्णय. फरक एवढाच की ‘अ’ आधी आला की नंतर. ‘अ’ किंवा ‘द’ यांच्यानंतर आणि नामाच्या आधी ‘जस्ट’ बसला असेल तर तो विशेषण आहे. अर्थ: न्याय्य, रास्त, उचित. माणसाबद्दल असेल तर न्यायी. मराठीत ही दोन रूपं वेगळी आहेत, हे विसरू नये. राजा न्यायी असतो, निर्णय न्याय्य असतो. ‘न्यायी निर्णय’ असं लिहिलेलं बरेचदा दिसतं, ते टाळलेलं बरं.

याच्या जवळचा शब्द ‘फेअर’. खेळात, वाटणीत, रोजच्या वागण्यात ‘फेअर’ चालतो. ‘जस्ट’ला कायद्याचं आणि नीतीचं वजन आहे, म्हणून तो समाज, युद्ध, शिक्षा, मागणी अशा जड नामांबरोबर येतो. धाकट्याला कमी मिळालं की तो ‘दॅट्स नॉट फेअर’ म्हणतो. ‘दॅट्स नॉट जस्ट’ असं कोणी म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत बसेल, कारण त्याच्या कानाला ते ‘हे नुसतं… नाही’ असं अर्धवट वाक्य वाटेल. ‘इम्पार्शल’ म्हणजे निःपक्षपाती. न्याय्य निर्णयासाठी ते लागतंच, पण निःपक्षपाती निर्णय न्याय्य असेलच असं नाही. दोघांवर सारखाच अन्याय करणारा माणूसही निःपक्षपातीच असतो. ‘राइटियस’मध्ये धर्मनिष्ठेचा सूर आहे आणि हल्ली तो थोडा उपहासानेही वापरतात. विरुद्धार्थी शब्द सरळ आहे: ‘अनजस्ट’, अन्यायकारक.

इथेच ‘जस्ट डिझर्ट्स’ हा जोडशब्द भेटतो. म्हणजे केल्या कर्माचं फळ. त्याचा गोड पदार्थाशी संबंध नाही. तो ‘डिझर्व्ह’ म्हणजे ‘पात्र असणे’ या क्रियापदाच्या घराण्यातला आहे आणि स्पेलिंगमध्ये मधला ‘एस’ एकच. इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे हमखास चुकतात.

हा सगळ्यात जुना अर्थ. लॅटिनमध्ये ‘युस’ म्हणजे कायदा, हक्क. त्यावरून ‘युस्तुस’ म्हणजे न्यायाने वागणारा, योग्य. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रुळला. जे योग्य ते मापात बसणारं, आणि मापात बसणारं म्हणजे नेमकं, अशी वाट धरून पुढे ‘अगदी बरोबर’ हा अर्थ तयार झाला. ‘नेमकं एवढंच’ वरून ‘एवढंच, जास्त नाही’ हा अर्थ सतराव्या शतकात आला. आपल्या डोक्यात पहिला येणारा ‘फक्त’ म्हणजे या घरात बऱ्याच उशिरा आलेलं पोर. संगणकावर परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ करणाऱ्या बटणाला ‘जस्टिफाय’ म्हणतात, तेही याच ‘मापात बसवणे’ मधून.

पायरी दुसरी: क्रियापदाचा काळ पाहा

विशेषण नसेल तर क्रियापदाकडे वळायचं. ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ यांना चिकटून ‘जस्ट’ आला असेल तर नव्वद टक्के काम झालं: नुकताच, आत्ताच. ‘शी हॅज जस्ट अराइव्ड’ म्हणजे ती आत्ताच आली. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत इथे ‘हॅव’ वापरण्याकडे कल असतो. अमेरिकन लोक साधा भूतकाळही सर्रास वापरतात: ‘शी जस्ट अराइव्ड’. दोन्ही बरोबर. परीक्षेच्या उत्तरात पहिलं रूप सुरक्षित.

‘नुकताच’ आणि ‘आत्ताच’ यांत मात्र निवड करावी लागते. ‘आत्ताच’ मिनिटांच्या हिशोबाचा आहे, ‘नुकताच’ ताणला की महिन्यांपर्यंत जातो. ‘जस्ट’चंही तसंच. ‘दे हॅव जस्ट मूव्ड’ म्हणजे कालही असेल, दोन महिन्यांपूर्वीही. ‘रीसेंटली’ त्याहून सैल. ‘अ मोमेंट अगो’ मात्र खरोखरच क्षणापूर्वीचं.

काळ भविष्याकडे झुकलेला असेल तर मराठीत एक सुंदर सोय आहे. ‘आय ॲम जस्ट कमिंग’ म्हणजे ‘आलोच!’ माणूस अजून जिन्यावरही नसतो आणि क्रियापद भूतकाळात जाऊन बसलेलं असतं. ‘आय वॉज जस्ट अबाउट टु कॉल यू’ म्हणजे ‘तुला फोन करणारच होतो’. इथे ‘नुकताच’ किंवा ‘फक्त’ घालायचा मोह झाला तर वाक्य तिथेच मेलं म्हणून समजा. ‘च’वर भरवसा ठेवावा.

‘जस्ट नाऊ’ सोबत साधा भूतकाळ येतो: ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’, म्हणजे तो आत्ताच गेला. वर्तमानात तो ‘या घडीला’ असा अर्थ देतो: ‘आय ॲम बिझी जस्ट नाऊ’. दक्षिण आफ्रिकेतल्या माणसाशी बोलत असाल तर जरा सांभाळून. तिथे ‘आय विल डू इट जस्ट नाऊ’ म्हणजे ‘करतो थोड्या वेळाने’, आणि तो थोडा वेळ किती हे त्याचं तोच जाणे.

पायरी तिसरी: ‘एवढंच’ म्हणायचंय की ‘नेमकं हेच’?

काळाचा संबंध नसेल तर पुढचा शब्द पाहा. संख्या, ‘अ’ लागलेलं नाम किंवा एखादं छोटं कारण आलं असेल तर ‘एवढंच’. ‘जस्ट टू पेजेस’ म्हणजे दोनच पानं. ‘लाइक’, ‘ॲज’, ‘व्हॉट’, ‘देन’, ‘राइट’, ‘द सेम’ किंवा जागा दाखवणारा शब्द आला असेल तर ‘नेमकं’, ‘अगदी’.

‘एवढंच’च्या बाजूला ‘फक्त’, ‘केवळ’, ‘नुसता’ हे तिघे आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. ‘फक्त’ मोजतो. ‘नुसता’ कमी लेखतो, किंवा सोबत दुसरं काही नाही असं सांगतो. ‘केवळ’ पुस्तकी आहे आणि कारणांबरोबर शोभतो: ‘जस्ट बिकॉज ही इज ओल्डर’, केवळ तो वयाने मोठा आहे म्हणून. इंग्रजीतही अशीच विभागणी आहे. ‘ओन्ली’ मोजतो, ‘मिअरली’ लेखी आणि थोडा तुच्छतेचा, ‘सिम्पली’ म्हणजे गुंतागुंत नाही असं सांगणारा. ‘जस्ट’ या सगळ्यांत घरगुती. ‘ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलतं एक मूल आणि ‘जस्ट अ चाइल्ड’ म्हणजे ‘लहानच तर आहे अजून’. इथे शब्दांची अदलाबदल केलीत तर माणसंच बदलतील. ‘नॉट जस्ट’ असेल तर ‘नुसतं एवढंच नव्हे’. पुढे ‘बट ऑल्सो’ येतोय का, ते पाहावं.

‘नेमकं’च्या बाजूला मराठी फार श्रीमंत आहे. ‘जस्ट व्हॉट आय नीडेड’, मला नेमकं हेच हवं होतं. ‘जस्ट लाइक हर मदर’, हुबेहूब आईसारखी. ‘जस्ट देन’, तेवढ्यात. ‘जस्ट बिहाइंड यू’, तुझ्या अगदी मागे. ‘जस्ट ॲज गुड’, तितकंच चांगलं. ‘जस्ट ॲज’ पुढे पूर्ण वाक्य आलं तर दोन वाटा फुटतात: ‘जस्ट ॲज आय सेड’ म्हणजे ‘मी म्हटलं होतं तसंच’, आणि ‘जस्ट ॲज आय ओपन्ड द डोअर’ म्हणजे ‘मी दार उघडतो न उघडतो तोच’. या अर्थाने ‘एक्झॅक्टली’ आणि ‘प्रिसाइजली’ हे पर्याय चालतात, फक्त घड्याळाच्या बाबतीत घात होतो. दहाचा ठोका सांगायचा असेल तर ‘एक्झॅक्टली टेन’ म्हणावं. ‘इट्स जस्ट टेन’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला ‘आत्ताशी तर दहा वाजलेत’ असंही वाटू शकतं.

पायरी चौथी: ‘जेमतेम’ लावून पाहा

‘आय कुड जस्ट सी द रोड’, ‘वी जस्ट मेड इट’. इथे काम झालं आहे, पण थोडक्यात. जेमतेम, कसंबसं, कसाबसा. ‘बेअरली’ हा जवळचा पर्याय. ‘हार्डली’ मात्र उलट्या अंगाला झुकतो. ‘आय कुड जस्ट हिअर हिम’ म्हणजे ऐकू आलं, जेमतेम का होईना. ‘आय कुड हार्डली हिअर हिम’ म्हणजे जवळजवळ ऐकूच आलं नाही. आवाज तोच, कानही तोच, पण एक वाक्य होकाराच्या बाजूचं आणि दुसरं नकाराच्या. अर्थ आणखी पक्का करायला आधी ‘ओन्ली’ जोडतात: ‘वी ओन्ली जस्ट मेड इट’.

‘जस्ट अबाउट’ म्हणजे बहुधा ‘जवळजवळ’: ‘आय ॲम जस्ट अबाउट रेडी’, झालंच माझं. दुसऱ्या पायरीवरचा ‘जस्ट अबाउट टु’ वेगळा, त्याच्यापुढे क्रियापद येतं. ‘माइट जस्ट’मध्ये बारीकशी आशा असते. ‘इट माइट जस्ट वर्क’, कोण जाणे, जमूनही जाईल.

पायरी पाचवी: काहीच लागू पडलं नाही तर तो सूर आहे

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेची जागा ही. इथे ‘जस्ट’ला अर्थ नसतो, सूर असतो. वाक्यातून काढून टाकला तरी माहिती तीच राहते. बदलतो तो बोलणाऱ्याचा चेहरा.

विनंतीत तो ‘जरा’ होतो. ‘कुड यू जस्ट होल्ड धिस?’ म्हणजे ‘हे जरा धरता का?’ काम छोटं आहे, फार त्रास नाही, असं तो सुचवतो. आज्ञार्थात त्याची दोन रूपं आहेत. शांत आवाजात ‘जस्ट सिट डाउन’ म्हणजे ‘बसा हो जरा’. वैतागून म्हटलं तर ‘बस पाहू आधी!’ नाइकी कंपनीने 1988 मध्ये ‘जस्ट डू इट’ हे घोषवाक्य आणलं. त्याचं ‘फक्त ते करा’ असं मराठी केलं तर बुटाची नाडीसुद्धा बांधावीशी वाटणार नाही. त्यातला सूर ‘विचार पुरे, कर एकदाचं’ असा आहे.

नकारात तो हतबल होतो. ‘आय जस्ट कान्ट’, नाहीच जमत मला. ‘ही जस्ट वोन्ट लिसन’, तो ऐकतच नाही. कौतुकात तो ‘निव्वळ’ किंवा ‘केवळ’ होतो: ‘इट्स जस्ट वंडरफुल’, केवळ अप्रतिम. धमकीत ‘जस्ट यू वेट’, थांब, बघतोच तुला. म्हणजे एकाच शब्दाला मराठीत जरा, पाहू, एकदाचं, केवळ अशी वेगवेगळी सोंगं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सोबतीला ‘च’.

ऑफिसच्या ईमेलमध्ये याच सुरामुळे पंचाईत होते. ‘आय जस्ट वॉन्टेड टु आस्क’ हे नम्र आहे, एकदा चालतं. एकाच पत्रात तीनदा आलं की लिहिणारा दारात अंग चोरून उभा आहे असं वाटतं. माझी सवय अशी: पत्र पाठवण्याआधी ‘जस्ट’ शोधायचा आणि प्रत्येक वाक्य त्याच्याशिवाय वाचून पाहायचं. विनंतीतला एखादा ठेवतो. स्वतःच्या कामाबद्दलचा काढतो, कारण ‘आय जस्ट मेड अ फ्यू चेंजेस’ लिहिलं की रात्रभराच्या कष्टांवर आपणच पाणी ओततो. माफीतला तर हटकून काढतो. ‘आय वॉज जस्ट ट्रायिंग टु हेल्प’ ही माफी राहत नाही, सबब होते.

आणखी एक जागा म्हणजे सूचना लिहिणं. ‘जस्ट रीस्टार्ट द सर्व्हर’ हे ज्याला येतं त्याला सोपं असतं. ज्याला येत नाही, त्याला त्या ‘जस्ट’मधून ‘एवढंही येत नाही?’ ऐकू येतं. तिथे तो शब्द नसलेलाच चांगला.

जागा हलली की अर्थ हलतो

‘आय ॲम नॉट जस्ट टायर्ड’ म्हणजे मी नुसता थकलेलो नाही, आणखीही काही आहे. ‘आय ॲम जस्ट नॉट टायर्ड’ म्हणजे मी थकलेलोच नाही मुळी. ‘नॉट’ आणि ‘जस्ट’ यांची अदलाबदल करून वाचायची सवय लावली की कान पटकन तयार होतो. ‘आय डोन्ट जस्ट नो हिम, आय वर्क विथ हिम’ आणि ‘आय जस्ट डोन्ट नो हिम’ ही जोडीही म्हणून पाहा.

सुरक्षित नियम असा: ज्या शब्दावर ‘जस्ट’चा रोख आहे त्याच्या लगेच आधी त्याला बसवावं. बोलताना लोक तो क्रियापदाआधी ढकलतात (‘आय जस्ट वॉन्ट वन’) आणि जोर आवाजाने दाखवतात. लिहिताना आवाज नसतो, म्हणून ‘आय वॉन्ट जस्ट वन’ जास्त स्वच्छ.

ठरीव जोड्या

या पाठच करून टाकाव्यात. ‘जस्ट इन केस’, असावं म्हणून, न जाणो. ‘जस्ट ॲज वेल’, बरंच झालं. ‘जस्ट द सेम’, तरीसुद्धा. ‘जस्ट सो’, अगदी जिथल्या तिथे. ‘जस्ट इन टाइम’, अगदी ऐनवेळी, उशीर होता होता वाचलो. ठरलेल्या वेळेवर येणं म्हणजे ‘ऑन टाइम’, ते वेगळं. जपानच्या टोयोटा कंपनीमुळे ‘जस्ट इन टाइम’ हा कारखानदारीतला शब्दही झाला. सुटे भाग आधीपासून साठवून न ठेवता लागतील तेव्हा, लागतील तेवढेच आणायची पद्धत. इथला ‘जस्ट’ जुन्या ‘नेमक्या’ अर्थाचा आहे.

उलटा प्रवास: ‘च’चं इंग्रजी

आतापर्यंत इंग्रजीतून मराठीत आलो. परत जाताना आपण मराठी माणसं एक चूक नेमाने करतो. ‘च’ दिसला की ‘ओन्ली’. ‘मी इथेच आहे’चं ‘आय ॲम हिअर ओन्ली’, ‘आत्ताच आलो’चं ‘आय केम नाऊ ओन्ली’. आपल्याला आपसांत ते कळतं, बाहेरचा माणूस गोंधळतो. ‘इथेच’साठी ‘राइट हिअर’, ‘आत्ताच आलो’साठी ‘आय हॅव जस्ट कम’, ‘आजच’साठी ‘टुडे इटसेल्फ’ऐवजी ‘धिस व्हेरी डे’ किंवा अनेकदा साधं ‘टुडे’, आवाजावर जोर देऊन. ‘तेच म्हणतोय मी’ म्हणजे ‘दॅट्स जस्ट व्हॉट आय ॲम सेइंग’. ‘च’ मोजत असेल, म्हणजे ‘दोनच’, ‘एकच’, तेव्हाच ‘ओन्ली’ किंवा ‘जस्ट’ सरळ बसतात.

आता हा उतारा. खालचं मराठी झाकून आधी स्वतः प्रयत्न करा.

‘आय हॅड जस्ट सॅट डाउन व्हेन द फोन रँग. “जस्ट लिसन,” शी सेड. “इट्स जस्ट वन पेज, बट इट्स जस्ट व्हॉट दे आस्क्ड फॉर, अँड वी जस्ट मेड द डेडलाइन.”’

माझं मराठी: ‘मी नुकताच टेकलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. “अरे, ऐक तर,” ती म्हणाली. “आहे एकच पान, पण त्यांनी मागितलं होतं नेमकं तेच आहे, आणि मुदतही जेमतेम का होईना, गाठली आपण.”’

पाच ‘जस्ट’ होते, पाच वेगळी उत्तरं आली. ‘एकच पान’च्या जागी ‘फक्त एक पान’ चाललं असतं. बाकीच्या चार ठिकाणी ‘फक्त’ घातलात तर त्या लाल रेघेची आठवण ठेवा.